धागा: मुलीची पहिली एल्क शिकार, कोलोरॅडोचा अनोळखी डोंगर. तयारी कशी करावी?

रानजाई (धागाकर्ती)

मुलीला कोलोरॅडोत मादी एल्कचा (एल्क म्हणजे हरणाच्या कुळातलं मोठं जनावर) टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, लागला आहे. दुसरा रायफल हंगाम, म्हणजे ऑक्टोबरअखेर. युनिट (शिकारीसाठी ठरवलेला विभाग) मीकर गावाच्या पूर्वेला, फ्लॅट टॉप्सच्या पठाराकडचं. वय १३, वजन ४२ किलो. आम्ही डॅलसजवळ राहतो. टेक्सासातली शिकार म्हणजे मचाणावर बसून पांढऱ्या शेपटीचं हरीण, तेही १०० यार्डांच्या आत. डोंगरातलं काहीच ठाऊक नाही. सोबत मी आणि माझा भाऊ. परवाना फक्त मुलीचा, आम्ही दोघं नुसते मदतीला. घरात .२४३ रायफल आहे, पण मोठ्या माणसाच्या मापाची. हातात चार महिने आहेत. गाईड परवडत नाही, तेव्हा "गाईड घ्या" हे उत्तर कृपया नको.

वाटाड्या

अभिनंदन! बंदुकीच्या आधी कागद बघा, लोक तिथेच अडकतात.

"नुसते मदतीला" हे तुमच्या वाक्यातलं धोक्याचं टोक आहे. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ पासून पुढे जन्मलेल्याला परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, दुसऱ्या राज्याचं चालतं. पण १६ वर्षांखालच्या शिकाऱ्यासोबत जो मेंटर असतो, त्यालाही वय १८ पूर्ण आणि हंटर एज्युकेशनची तीच अट लागू आहे. त्याने स्वतः शिकार करायची नसली तरी. तुमच्यापैकी निदान एकाकडे कार्ड हवं, दोघांकडे असेल तर उत्तम; नाहीतर एकाला पडसं झालं की सगळी सहल बसली. वर्ग आत्ताच धरा, उन्हाळ्यानंतर जागा मिळत नाहीत.

मेंटर आणि मूल एकमेकांना दुर्बीण किंवा वॉकीटॉकीशिवाय दिसले आणि ऐकू आले पाहिजेत. म्हणजे मामा पलीकडच्या उतारावरून हाकारा घालतोय, आई गाडीत, आणि भाची खिंडीत एकटी बसलीय, हे बेकायदा. टॅग तिचा, तेव्हा गोळीही तिचीच. जखमी जनावर पळतंय म्हणून मामाने बार टाकला तर तो दुसऱ्याच्या टॅगवर मारलेला प्राणी होतो.

नारिंगी कपडा: कमरेच्या वर ५०० चौरस इंच, एकसलग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी, शिवाय त्याच रंगाची टोपी, चारी बाजूंनी दिसणारी. कॅमोच्या नक्षीतला नारिंगी धरत नाहीत. लहान मुलांच्या मापाचं जॅकीट ५०० चौरस इंच भरतंच असं नाही, टेप लावून मोजा. आणि पाठीवर सॅक चढली की मागचं निम्मं जॅकीट झाकलं जातं, म्हणून सॅकवर वेगळं नारिंगी आवरण घाला.

बार टाकायची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. ऑक्टोबरअखेर तिकडे सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो. गाडीत रायफल असताना चेंबरमध्ये काडतूस नको. एटीव्हीवर (कच्च्या वाटांवरची छोटी उघडी चारचाकी) असाल तर चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामं आणि रायफल कव्हरमध्ये. नियमांची पुस्तिका कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ दरवर्षी नवी काढतं. गेल्या वर्षीची पीडीएफ वाचून जाऊ नका.

दस्ता_आणि_नळी

आता रायफल. कोलोरॅडोत एल्कसाठी गोळीचा किमान व्यास .२४ इंच, वजन किमान ८५ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा. .२४३ कायद्यात बसते, पण गोळी बघून. .२४३ साठी ८० ग्रेनच्या तांब्याच्या गोळ्या बाजारात भरपूर दिसतात, हरणाला छान चालतात, एल्कला तिथे बेकायदा. पेटीवरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझं मत विचाराल तर .२४३ घरी ठेवा आणि ७ मिमी-०८ किंवा ६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल घ्या. एल्कचा खांदा हरणापेक्षा बराच जाड असतो. थोडी पुढे लागलेली हलकी गोळी खांद्याच्या हाडावर फुटते आणि फुप्फुसापर्यंत पोचत नाही. ७ मिमी-०८ मध्ये १४० ग्रेनची बॉन्डेड (आतलं शिसं आवरणाला पक्कं जोडलेली) किंवा १२० ग्रेनची निव्वळ तांब्याची गोळी, एवढं पुरे. धक्का .२४३ पेक्षा जास्त, पण .३०-०६ पेक्षा स्पष्ट कमी.

धक्क्याहून मोठी भानगड मापाची आहे. मोठ्यांच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण साडेतेरा इंच असतात. १३ वर्षांच्या मुलीला बारा ते साडेबारा लागतात, आणि जाड जॅकीट चढलं की आणखी अर्धा इंच खाल्ला जातो. तपासायची रीत: कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं, तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. दस्ता लांब असेल तर मूल पाठ मागे झुकवून उभं राहतं, मान पुढे काढतं, आणि डोळा स्कोपला चिकटतो. मग भुवईवर अर्धचंद्राकृती जखम. ती एकदा झाली की पुढचा प्रत्येक बार डोळे मिटून. स्कोप डोळ्यापासून साडेतीन इंच राहील असा बसवा, आणि तोही ती हिवाळ्याचे कपडे घालून असताना.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा भोकांचा तुकडा) लावून धक्का कमी होतो, पण बाजूला बसलेल्या आईच्या कानाचं भजं होतं. नकोच.

सराव: एका बैठकीत मोठ्या काडतुसाचे १० ते १२ बार, त्यावर नाही. बाकी सगळा सराव .२२ वर. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. नेम १०० यार्डांवर पावणेदोन ते दोन इंच वर बसवा, म्हणजे २०० ला साधारण मधोमध येतो. टेबलावरून नेम बसला की टेबल बंद. पुढे बसून, गुडघ्यावर, शूटिंग स्टिक्सवर, सॅकवर टेकवून. ९ इंचाची कागदी ताटली लावा. टेकडी चढून धापा टाकत आल्यावर १५ सेकंदांत पहिला बार, असे पाच. पाचही ताटलीत, तर ते अंतर तिचं. चार बसले तर नाही. ५० यार्डांनी वाढवत जा. जिथे पाचवा चुकतो त्याच्या आधीचा आकडा हीच तिची मर्यादा, आणि तो आकडा तिने स्वतः म्हणायचा, आईने नाही. मग डोंगरात "लांब आहे, सोडूया" हे वाक्य तिच्या तोंडून निघतं.

कोयनाकाठ

.२४३ ने असंख्य एल्क पडलेत की. मुलाला ओळखीची बंदूक बरी.

दस्ता_आणि_नळी

पडलेत, आणि जे पडले नाहीत ते मोजायला कोणी गेलं नाही. ओळखीची बंदूक हा मुद्दा मात्र खरा आहे. नवी रायफल ऑगस्टपर्यंत हातात येणार नसेल तर .२४३ न्या. ९५ किंवा १०० ग्रेनची मजबूत गोळी, अंतर १५० यार्डांच्या आत, आणि जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच. पुढच्या पायाची मागची रेषा वर न्यायची, छातीच्या उंचीचा खालून एक तृतीयांश, तिथे बार. तिरकं उभं, तोंड पलीकडे, हे ७ मिमी-०८ ला चालेल, .२४३ ला नको. समोरून आणि मागून कोणत्याच रायफलीने नको. आणि एल्क उभा आहे तोवर मारत राहायचं, पहिली गोळी बरोबर लागली असं वाटलं तरी. फुप्फुसात गोळी घेऊन हे जनावर शांतपणे चार पावलं चरायला निघतं आणि मग १५० यार्ड धावतं.

सिलिकॉनवासी

थोडं विषयांतर. आम्ही एच-१बी वर, मुलगा एच-४ वर. त्याला पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे. बंदुकीचं काय?

वाटाड्या

विषयांतर नाही, इथल्या निम्म्या लोकांचा हा प्रश्न आहे. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला बंदी आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. लोक फसतात ते असे: टॅग मुलाचा, म्हणून परवाना फक्त मुलाकडे, आणि रायफल गाडीत ठेवून रेंजवर नेतोय बाप, ज्याच्याकडे काहीच नाही. बापानेही स्वतःच्या नावावर शिकार परवाना काढून जवळ ठेवावा, साधा छोट्या शिकारीचा चालतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला असेल तर आधी वकिलाला विचारा, धाग्यावर नाही.

सह्यकडा

रानजाई ताई, जागा कशी शोधायची ते लिहितो. फ्लॅट टॉप्स म्हणजे वर सपाट पठार, कडेला तुटलेले उतार, खाली अ‍ॅस्पेन आणि ओकची झुडपं. व्हाइट रिव्हरचा कळप राज्यातला सगळ्यात मोठा, म्हणून जनावरं आहेत. पण शिकारीही तेवढेच, आणि खालच्या बाजूला खासगी जमीन पुष्कळ.

उन्हाळ्यात नकाशावर एक "सोन्याची" जागा शोधून तिथेच तंबू ठोकणारे रिकामे परततात. ऑक्टोबरअखेर बर्फ कधी नसतो, कधी गुडघाभर. त्याप्रमाणे कळप उतरतो. म्हणून तीन उंचींवर तीन जागा तयार ठेवा: ८,००० फुटांजवळ, ९,००० आणि १०,०००. प्रत्येकीसाठी गाडी कुठे लावायची, दुर्बीण लावून कुठे बसायचं, आणि बर्फ पडला तर बाहेर कसं पडायचं, एवढं लिहून काढा. फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप उतरवून घ्या. ऑनएक्स या नकाशाच्या अ‍ॅपवर रस्ता दिसतो म्हणून तो हंगामात खुला असतो असं नाही. मीकरमध्ये व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टचं ब्लँको रेंजर कार्यालय आहे, त्यांना रस्ते विचारा. पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या मीकर कार्यालयाला एल्क विचारा. "एल्क कुठे आहेत?" असं विचारलंत तर "डोंगरात" हेच उत्तर येईल. "अमुक खोऱ्यात १० इंच बर्फ झाला तर माद्या कोणत्या बाजूला उतरतात?" असं विचारा. नकाशे फोनमध्ये ऑफलाइन ठेवा, रेंज नसते. फक्त कोपऱ्याला टेकलेल्या दोन सरकारी तुकड्यांत, मधल्या खासगी जमिनीवर पाय न ठेवता, उडी मारायचा वाद लहान मुलीला घेऊन घालू नका.

या दिवसांत माजाचा काळ सरलेला असतो. माद्या वासरांसह कळपात असतात, पहाटे आणि संध्याकाळी मोकळ्या गवतात, दिवसा उत्तरेकडच्या उताराच्या गर्द स्प्रूस-फरमध्ये, तेही उताराच्या मधल्या सपाट टप्प्यांवर. ताजी लेंडी चकचकीत, हिरवट, बोटाने दबणारी. सुकून तपकिरी झालेल्या लेंड्यांचा ढीग पाहून हुरळू नका, तो सप्टेंबरचाही असेल.

वारा हा खरा मालक. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन पडलं की नऊ-दहाच्या सुमाराला वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. पहाटे गवताच्या खालच्या अंगाला बसा. माद्या झाडीकडे चढायला लागल्या की त्यांच्या मागून जाऊ नका. हवा फिरेल आणि तुमचा वास थेट त्यांच्या नाकात. बाजूने वळसा घालून त्यांच्या उंचीला या. टाल्कमची छोटी बाटली खिशात ठेवा, दर पाच मिनिटांनी चिमूटभर उडवायची. हे काम मुलीला द्या.

जळलेल्या झाडीत तंबू नको. ट्रॅपर्स लेकजवळ २००२ ची बिग फिश आग लागली होती, तिथले सुके खांब वाऱ्यात कोसळतात.

पुदिना

शाळकरी पोरीला जीव घ्यायला शिकवायचं आणि वर "अभिनंदन"? भारतात १९७२ पासून शिकार बंद आहे, काहीतरी विचार करा.

वेबमास्तर

पुदिना, या विषयासाठी "मुक्तचर्चा" विभागात वेगळा धागा काढा, तिथे हवं तेवढं भांडू. इथे कोलोरॅडोतली कायदेशीर शिकार आणि तिची तयारी, एवढंच.

थंडगार

उंचीबद्दल कोणी लिहिलं नाही. डॅलस समुद्रसपाटीपासून ५०० फुटांवर, मीकर ६,२००, तंबू ९,००० ला. एका दिवसात गाडी हाकत थेट तंबूत झोपलात तर दुसऱ्या सकाळी डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि हंगामाची पहिली सकाळ गेली. एक रात्र मीकरमध्ये, मग एक दिवस वर नुसतं फिरायला, तिसऱ्या दिवशी शिकार. डोकेदुखीसोबत उलटी किंवा तोल जाणं दिसलं तर औषध-बिषध नाही, लगेच खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) हवंच असेल तर मुलांच्या डॉक्टरला विचारून.

पाण्याचा पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की निकामी होतो, वरून मात्र धडधाकट दिसतो. रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स सगळं घरी. आतून लोकर किंवा सिंथेटिक, चढताना जॅकीट काढून सॅकवर, थांबलं की आधी जॅकीट आणि मग पाणी.

मुलीच्या अंगावरचं वजन मोजा. ४२ किलोच्या १५ टक्के म्हणजे सव्वासहा किलो. रायफल स्कोपसकट साडेतीन. उरले पावणेतीन: दीड लिटर पाणी, फुगीर जॅकीट, हातमोजे, खाऊ. संपलं. दुर्बीण, ट्रायपॉड, दोरी, चाकू, औषधं मोठ्यांकडे. सॅटेलाइट मेसेंजर आईच्या खांद्यावर, सॅकच्या तळाशी नाही, आणि एसओएसचं (मदत मागायचं) बटण मुलीलाही दाबून दाखवलेलं, म्हणजे झाकण उघडून. खरं दाबू नका.

खाण्याचं म्हणाल तर डब्यातल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, शेंगदाण्याची चिक्की थंडीत दगड होते. मेथीचे लाडू, खजूर, कोरडा उपमा ज्यात उकळतं पाणी ओतलं की झालं. अस्वलं काळी आहेत, ग्रिझली नाहीत, तरी खाणं तंबूत नको.

रानजाई

सगळ्यांचे आभार. हंटर एज्युकेशनला मी आणि भाऊ दोघांनी नाव घातलं. दोन प्रश्न. नकाशावर रस्त्यापासून साडेतीन मैलांवर एक सुंदर मोकळं गवत दिसतंय, तिथपर्यंत जावं का? आणि मांस आणायला चाकांची गाडी घ्यावी म्हणतो भाऊ.

सांगाडा

दुसऱ्याचं आधी. फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेसच्या (कायद्याने राखलेलं रान) हद्दीत चाकं चालत नाहीत. सायकल नाही, हातगाडीही नाही. हद्दीबाहेर चालेल, पण पडलेल्या झाडांतून ती ओढण्यापेक्षा पाठ बरी.

आता साडेतीन मैल. मादी एल्क जिवंत सव्वादोनशे किलोची. हाडं काढून मांस ६५ ते ८० किलो. तुम्ही दोघं, २५ किलो एकावेळी, शिवाय मुलीला एकटं सोडायचं नाही म्हणून तिघं एकत्रच येणार-जाणार. म्हणजे निदान दोन फेऱ्या, बहुधा तीन. १०,००० फुटांवर ओझं घेऊन ताशी एक मैल धरा. दीड मैलावर हे एका लांब दिवसाचं काम आहे, साडेतीन मैलांवर तीन दिवसांचं. तेवढ्यात ऊन पडलं तर मांस जातं. तेव्हा नकाशावर गाडीपासून दीड मैलाचं वर्तुळ काढा, आणि चढ परतीच्या वाटेवर असेल तर एक मैलाचं. त्याच्या बाहेर एल्क दिसला तर फोटो काढा. सूर्यास्ताला उरलेला अर्धा तासही असाच: अंधारात रक्ताचा माग काढणं आणि सोलणं मुलीसाठी पहिल्या दिवशी फार आहे.

बार झाला की जागेवरून हलू नका. तुमची जागा आणि एल्क उभा होता ती जागा, दोन्ही जीपीएसवर. अर्धा तास थांबा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जवळच पडलेला असेल. गडद म्हणजे यकृत, आणखी थांबा. हिरवट, वास येणारं म्हणजे पोट, निदान सहा तास. घाईने मागे गेलात तर तो पुढचं खोरं गाठेल. सापडल्यावर आधी टॅग: फाडा, सही, तारीख.

पोट न फाडता सोला. जनावर कुशीवर, कवटीच्या मागून शेपटीपर्यंत कण्यावरून चीर, कातडं पोटाकडे सोलत आणा. पुढचा खांदा सांध्याविना असतो, वर उचलून धरला की चाकूने सुटतो. मग कण्यालगतचा लांब पट्टा, मग मांडी, जिच्या खुब्याच्या वाटीत चाकूचं टोक घालून शिरा कापायच्या. मान, बरगड्यांवरचं मांस. पालटून दुसरी बाजू. शेवटी शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतले दोन कोवळे पट्टे. चारही पाय आणि सगळे पट्टे नेणं कायद्याने बंधनकारक आहे. एका मांडीला लिंगाची खूण नैसर्गिकरीत्या चिकटलेली ठेवा. मादी असेल तर कासेचा भाग. सगळं स्वच्छ कापून टाकलंत तर मादी होती हे वॉर्डनला (शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी) कसं कळणार?

बदलत्या पात्यांचे चाकू धारदार असतात आणि मांडीच्या सांध्यात मोडतात. मुलीला ते देऊ नका. तिच्या हातात साधा पक्क्या पात्याचा चाकू आणि कापविरोधी हातमोजे, आणि ती सोलत असलेल्या बाजूला दुसरा चाकू नाही.

सगळ्यात लवकर बिघडते ती मांडी, हाडाजवळून. बाहेरून गार लागते, आत खुब्यापाशी ऊब राहते आणि आंबट वास सुटतो. म्हणून हाडापर्यंत एक उभी चीर द्या, हवा खेळणाऱ्या सुती पिशवीत घाला, सावलीत फांदीवर टांगा. प्लास्टिकची पिशवी नको, मांस तिथेच वाफाळतं. पाच पिशव्या आणि १५ मीटर दोरी जवळ हवी.

वाटाड्या

सांगाडा यांच्या पोस्टला एक पुरवणी. या भागात हरीण आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (मेंदूचा जीवघेणा रोग) आहे. तुमच्या युनिटात त्या वर्षी तपासणी सक्तीची आहे का ते पुस्तिकेत असतं. नसली तरी करून घ्या, मुलीच्या ताटात जाणारं मांस आहे. डोकं थंड ठेवून मीकरमधल्या केंद्रावर द्या, गोठवून दगड करू नका. निकाल येईपर्यंत पाकिटं फ्रीजरमध्ये वेगळ्या कोपऱ्यात, त्यावर तारीख. कसायाकडे देणार असाल तर दुसऱ्याच्या मांसात न मिसळता वेगळं कापायला सांगा. निकाल होकारार्थी आला तर खाऊ नका.

टेक्सासात मेंदू आणि पाठीचा कणा असलेला सांगाडा आणता येत नाही. हाडं काढलेलं मांस, कण्याविना पाय, चालतं. खुणेची मांडी आणि टॅग बाकीच्या मांसासोबत एकाच गाडीत. मामा विमानाने आणि मांस त्याच्याबरोबर, खुणेची मांडी तुमच्याकडे, असं वाटू नका. डॅलसपर्यंत १,००० मैल गाडी आहे. १२० क्वार्टचे दोन कूलर घ्या, पाण्याच्या बाटल्या घरीच गोठवून न्या, परतीला मीकरमध्ये बर्फ भरा आणि खालची बूच उघडी ठेवा. वितळलेल्या पाण्यात भिजत आलेलं मांस घरी पोचेपर्यंत पांढरं आणि चिकट झालेलं असतं.